पत्र्याखाली चौघं

खिंडपाड्यात कुणाला वय विचारलं तर माणूस आकडा सांगत नाही, वादळ सांगतो. बहिरू आंबा पडला त्या सालातला. शेजारचा नाथा गारांच्या सालातला. बहिरूचा बाप पुंजा भोये ज्या वादळात जन्मला, त्याचं नाव सांगणारं पाड्यात आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याला वयच नव्हतं.

नाशिकहून पेठकडं जाणारा रस्ता घाट चढून वर येतो आणि एका खिंडीतून पलीकडं उतरतो. खिंडीच्या अलीकडं पंचवीस-तीस घरं. वैशाखात दुपार कलली की खिंडीतून वारं असं यायचं, जसं फुंकणीतून चुलीत फुंकावं. म्हणून इथली दारं सगळी उगवतीला, खिंडीकडं पाठ करून. भिंती बुटक्या, छपरांवर दगड. झाडंसुद्धा एकाच बाजूला वाकलेली.

पुंजानं चाळीस वर्षं या पाड्याची आणि आसपासच्या चार पाड्यांची छपरं शाकारली होती. कौलांवरून तो मांजरासारखा चालायचा. दोन वर्षांमागं गुडघे गेले. आधी छप्पर सुटलं, मग शिडी, मग शेत. आता काठी टेकत अंगणाच्या कडेपर्यंत जायचा आणि परत येऊन ओट्यावर बसायचा. पाय गेले तरी एक खोड गेली नव्हती: विचारायची. रस्ता अंगणाला लागूनच. जाणाऱ्या-येणाऱ्याला तो हटकायचा. कुठून आला, कुठं चालला, पिशवीत काय, त्याची किंमत नाही, पण ते कशाला लागतं ते सांग.

दोन हजार सातच्या चैत्रात एक वादळ येऊन गेलं. घराची खिंडीकडची निम्मी कौलं गेली. पुंजा अंगणात बसून साबूत कौलं एकीकडं, फुटकी एकीकडं लावायचा. कौल बोटाच्या पेरानं वाजवायचं. खणखणलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर टाकायचं. साबूत ढीग काही वाढेना.

आणि त्याच दिवसांत रविवारी सकाळी सायकलवाले यायला लागले.

आठ-दहा जण. डोक्याला टणक टोप्या, डोळ्यांना काळे चष्मे, अंगाला घट्ट कपडे. खाली मान घालून घाट चढायचे, पाड्यावरून सुसाट जायचे आणि दुपारपर्यंत त्याच रस्त्यानं परत. पहिल्या रविवारी पुंजाला वाटलं, निवडणुकीचं असेल. दुसऱ्या रविवारी त्यानं काठी वर करून आवाज दिला.

"ओ! कुठं निघालात?"

"कुठं नाही बाबा, असंच!" एक जण पुढं निघून जाताजाता म्हणाला.

पुंजा सुनेकडं वळला. चतुराबाई रांजणात पाणी ओतत होती.

"ऐकलं का? असंच म्हनतो."

"त्यांना काम नसंल, मामा."

"काम नसलं तर मानूस बसतो. घाट कशाला चढंल?"

"मग त्यांनाच विचारा."

"विचारतो ना. थांबत नायत."

म्हाताऱ्यानं दिवसभर तोच धोशा लावला. सायकलीला मागं कॅरिअर नाही, म्हणजे नेत काही नाहीत. परत येताना मोकळेच, म्हणजे आणतही नाहीत. मयतीला जावं तर हसत होते. लग्नाला जावं तर घामेजलेले. चतुराबाई शेवटी म्हणाली, "मामा, कौलं वाजवा."

घरात त्या दिवसांत वेगळंच वाजत होतं. बहिरू द्राक्षाच्या कामावरून दिंडोरीहून परतला होता. ऐन तरणेपणी दोन वर्षं तो सातपूरला एका वर्कशॉपमध्ये होता. तिथं त्यानं मोठमोठ्या शेडांवर पत्रे चढवलेले. आता कौलं पुरे म्हणून त्यानं घरावर पत्रा टाकायचं ठरवलं.

"पत्रा हलका असतो," पुंजा म्हणाला. "हलकं ते उडतं. नाथाचा हात बघ."

नाथाच्या कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा व्रण होता. तीन वर्षांमागं उडालेला पत्रा त्याला चाटून गेला होता.

"त्यानं हूकच लावले नव्हते. मी हूक लावणार."

"हूक लाव. पन वरून दोरानं बांध. या मेढीपासून त्या मेढीपर्यंत, आडवा. आधी दोर, मग हूक."

बहिरू शिडीवर होता. खाली अंगणात दोन-चार माणसं पत्रे उचलू लागायला आलेली. त्यांच्यादेखत तो म्हणाला, "बा, तू खाली बस. वरचं मला बघू दे."

पुंजा ओट्यावर जाऊन बसला. एक फुटकं कौल हातात घेऊन त्यानं ते वाजवलं, पुन्हा वाजवलं. त्या दिवशी रस्त्यानं तीन बैलगाड्या आणि एक टेम्पो गेला, पण म्हाताऱ्यानं एकालाही हटकलं नाही.

दोन दिवसांत पत्रे चढले. खिंडीकडच्या बाजूला हूक कमी पडले. बहिरूनं तिथं एकाआड एक हूक मारले आणि वर दगड ठेवले. उरलेले हूक सातपूरच्या जुन्या मालकाकडून आणीन म्हणाला.

पुढच्या रविवारी सायकलवाल्यांतली एक बाई नेमकी अंगणासमोर थांबली. चाक बसलं होतं. बाकीचे पुढं गेले, एक तेवढा तिच्याबरोबर राहिला. बाई पन्नाशीची, सावळी, काटक. नाव मीना. सातपूरला राहते म्हणाली. सोबतचा ललित तिच्याच गल्लीतला, पस्तिशीचा, बँकेत नोकरीला.

पुंजा काठी टेकत अंगणाच्या कडेला गेला. बाईनं चाक काढलं, रबर काढलं, थुंकी लावून भोक शोधलं. म्हातारा वाकून बघत होता.

"मी उचलून बघू का?"

"बघा ना, बाबा."

त्यानं सायकलीचा दांडा धरून उचलला. वजन बघायची त्याची ती जुनी रीत होती. वासा असाच उचलून तो सांगायचा, किडलाय की चांगला आहे.

"आरं! हिच्यात काय हायच नाय."

ललित हसला. पुंजानं मग विचारायला सुरुवात केली. ह्या दातेरी चकत्या इतक्या कशाला? चढावर पाय हलका होतो तो कसा? बसायला एवढंसं, दुखत नाही का? मीना एकेकाचं उत्तर देत होती. मग तिनं विचारलं, "तुमच्या इथं सगळी दारं एकाच बाजूला का?" पुंजाला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं खिंड दाखवली, वाकलेली झाडं दाखवली. तिनं काळा चष्मा काढून नीट पाहिलं.

चतुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. मीनानं आपली बाटली वर केली. "आहे ताई, पाणी आहे माझ्याकडं."

चतुराबाई तशीच परत फिरली. ती दोघं गेल्यावर म्हणाली, "बोलायला गोड. पानी चालत नाय आपलं."

"बाटलीत होतं तिच्या."

"तुमाला सगळ्यांचं बरं वाटतं, मामा."

पण पुंजा भलत्याच विचारात होता. चाक, चकत्या, दारं, सगळं बोलणं झालं होतं. ती येते कशाला, हे विचारायचंच राहून गेलं होतं.

वादळ पुन्हा आलं तो दिवसही रविवारच. बहिरू पहाटेच्या एसटीनं हूक आणायला सातपूरला गेला होता. सकाळपासून पान हलत नव्हतं. माशा अंगाला चिकटत होत्या. दुपारी पुंजानं खिंडीकडं बघितलं. आभाळ तांब्याच्या भांड्याच्या बुडासारखं झालं होतं.

"चतुरा, बाहेर काय हाय ते आत घे. राबाची लाकडं ऱ्हाऊ दे. कोंबड्या घे."

तेवढ्यात पेठच्या बाजूनं दोन सायकली आल्या. मीना आणि ललित. बाकीचे पुढं निघून गेले होते, ही दोघं मागं राहिली होती. पहिलं वारं खिंडीतून सुटलं तसा ललित सायकलीसकट रस्त्याच्या कडेला आपटला. पुंजा ओट्यावरून ओरडला, "आत या! सायकली आडव्या टाका आन आत या!"

ती दोघं आत आली आणि गारा सुरू झाल्या. नव्या पत्र्यावर असा आवाज, की शेजारच्या माणसाचं ऐकू येईना. मीनानं घाईनं दार लोटलं.

"दार लावू नका!" पुंजानं काठी आपटली. "उघडा! वारं वळचणीतून आत शिरतंय. त्याला बाहेर जायला वाट ठिवा, नायतर छप्पर घेऊन जाईल!"

मीनानं दार उघडलं. चतुराबाईनं त्याला दगड लावला. खिंडीकडच्या बाजूचा एक पत्रा वर-खाली होऊ लागला. प्रत्येक वेळी वासा मेढीवरून बोटभर उचलला जायचा आणि धाडकन बसायचा. पुंजा क्षणभर वर बघत राहिला. चाळीस वर्षं त्यानं छप्पर वरून पाहिलं होतं. वारं ते उचलू लागलं की खालून कसं दिसतं, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

"चतुरा, नाडा काढ. बैलाचे कासरेबी काढ. पावनं, तुमी उंच हाय. त्या वाशावरून दोर टाका. दोन येढे द्या. आता खाली फास ठिवा, पाय घालायला. तसं नाय, मोठा. हां."

ललितनं दोर टाकले. चार वासे, चार दोर. मीनानं गाठी मारल्या. पुंजानं एक गाठ ओढून पाहिली आणि तिच्याकडं बघितलं. गाठ पक्की होती.

"आता लोंबकळा. पाय भुईवरून उचला. सगळं वजन द्या!"

चतुराबाई साडी खोचून दोराला लटकली. पलीकडं ललित, मधे मीना. चौथा दोर खिंडीच्या अंगाला मोकळा होता. पुंजा त्याच्याकडं निघाला.

"मामा, तुमी नाय!"

"माझं वजन काय कमी हाय का तुझ्यापेक्षा?"

त्यानं काठी टाकली, फासात एक मांडी घातली आणि दोर दोन्ही हातांनी धरून बसला. गुडघ्यांना काही करावं लागत नव्हतं. वारं आलं की वासा त्याला घेऊन वर जायचा, वारं दमलं की खाली आणायचा. पत्र्याच्या फटीतून गारा आत येऊन त्याच्या टाळूवर बसल्या. मीनानं एका हातानं आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि झोका घेऊन त्याच्या डोक्यावर घातली.

"आतून मऊ हाय की," पुंजा म्हणाला.

चतुराबाईला त्या तसल्यात हसू आलं. हसताहसता तिचे हात घसरले, तिनं पुन्हा पकड घेतली.

दोन झोतांच्या मधे जरा शांत झालं. वादळ श्वास घेतं तेव्हा असं होतं. पुंजानं संधी साधली.

"बाई, एक विचारायचं ऱ्हायलं होतं. तुमी हिकडं येता कशाला?"

मीना दोराला लटकलेली, दम लागलेला. "आत्ता विचारताय बाबा?"

"मागाहून तुमी जाता निघून."

ती हसली नाही. "कारखान्यात तपासणीला होते मी. तेवीस वर्षं. एक टेबल, एक दिवा. बोल्ट यायचे, ते बघायचे. चांगला इकडं, वाईट तिकडं. खिडकी पाठीमागं होती. कारखाना बंद पडला त्या दिवशी उठून खिडकीतून बघितलं, तर लांबवर हे डोंगर. तेवीस वर्षं पाठीशी होते. म्हटलं, काय आहे तिकडं ते बघून यावं."

"मग? काय हाय?"

"अजून बघतेय," मीना म्हणाली. आणि वारं पुन्हा आलं.

हा झोत मघाच्यासारखा नव्हता. एकाआड एक हूक मारलेल्या बाजूचा पहिला पत्रा बिजागरी लावल्यासारखा उघडला आणि नाहीसा झाला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, चौथा. वरचे दगड घरात पडले. एक पाट्यावर पडून फुटला. पुंजाच्या डोक्यावर एकदम आभाळच आलं. वासा त्याला घेऊन हातभर वर गेला.

"सोडू नका!" तो ओरडला. "पत्रं जाऊ द्या! वासं धरा! आढं ऱ्हायलं तर घर ऱ्हायलं!"

कुणीच सोडलं नाही. किती वेळ, ते नंतर कुणालाच सांगता आलं नाही. ललित म्हणाला तासभर, चतुराबाई म्हणाली भात शिजेल इतका. मग वारं जसं आलं तसं घाटानं उतरून गेलं आणि नुसता पाऊस राहिला, सरळ, साधा.

चौघं खाली बसली. घरभर गारा पसरल्या होत्या. खिंडीकडची बाजू उघडी झाली होती. पण आढं जाग्यावर होतं, वासे जाग्यावर होते आणि उगवतीकडचे सगळे पत्रे साबूत होते. त्याखाली कणगी कोरडी. नागलीचं बी, वरईचं बी, सगळं कोरडं.

ललितचे तळहात सोलून निघाले होते. चतुराबाईनं तेल-हळद लावली आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. बँकेतला माणूस लहान पोरासारखे हात पुढं धरून बसला होता. मीनानं आडवा झालेला तांब्या उचलला, रांजणातून भरला आणि घटाघटा प्याली. पुन्हा भरून चतुराबाईपुढं धरला. चतुराबाईनं तो घेतला, प्याली आणि मग चूल पेटते का ते बघायला उठली.

पाऊस थांबल्यावर नाथा धावत आला. "पुंजाबा, बरं हाय का? माझं छप्पर निम्मं गेलं. वळनावरचं झाड पडलं, रस्ता बंद! एसटी पल्याड अडकलीय."

"कुठलं झाड?"

"वळनावरचं."

"वळनावर दोन हायेत. आंबा का सादडा?"

"ते नाय बघितलं."

पुंजा कासावीस झाला. "नाय बघितलं म्हंजे? एवढं झाड पडलं आन नाय बघितलं?"

मीना आणि ललित निघायच्या बेतात होती. अंधारायच्या आत घाट उतरायचा होता. मीना म्हणाली, "बाबा, चला ना. तुम्हीच बघा."

"मी?" पुंजा म्हणाला. "दोन वर्सं झाली, मी अंगनाच्या भाईर नाय गेलो."

"सायकल धरा. मी या बाजूनं धरते."

त्यानं आधी विचार केला, मग केला नाही. डावा हात हँडलवर, उजवा त्या एवढ्याशा बैठकीवर. सायकल पुढं सरकली की ती त्याचं निम्मं वजन घेऊन जायची. पलीकडून मीना ब्रेक धरून होती. उतार होता. गुडघे कुरकुरले, पण चालले. चतुराबाई दारात उभी राहून बघत होती. पुंजाच्या डोक्यावर ती टोपी अजून तशीच. पाड्यातली माणसं आपापल्या पडझडीतून मान वर करून बघत होती. म्हाताऱ्याचं लक्ष समोर होतं, वळणाकडं.

सादडा पडला होता. मुळासकट, रस्त्यावर आडवा. पुंजानं मुळं बघितली. बुंधा हातानं चाचपला. "आतून पोकळ होता," तो म्हणाला. त्याचं समाधान झालं.

झाडापलीकडं एसटी उभी होती, माणसं खाली उतरलेली. ललितनं सायकली उचलल्या, पलीकडच्यांनी हातोहात घेतल्या. मीनानं जाताना पुंजाच्या पायांना हात लावला. त्यानं घाईघाईनं टोपी काढून दिली. ती फांद्यांतून वाट काढत पलीकडं गेली. त्याच वाटेनं अलीकडं बहिरू आला, खांद्याला हुकांची जड पिशवी. बापाला बघून तो फांदीवरच थांबला.

"बा? तू हितं कसा?"

"चालत."

बहिरूनं त्याच्या गुडघ्यांकडं बघितलं, मग वर पाड्याकडं. "घर?"

"खिंडीकडचं पत्रं गेलं. वासं धरून ठिवलं आमी. तुझी बायको, मी आन ती दोघं. लोंबकळून. बी कोरडं हाय."

बहिरू खाली उतरला आणि बुंध्यावर बसला. पिशवी पायाशी ठेवली. हूक एकमेकांवर वाजले. घाटात खाली दोन सायकली पहिल्या वळणाला लागल्या होत्या.

"लोंबकळून," बहिरू म्हणाला.

"हां."

"तू पन?"

"माझाच वासा लय उड्या मारत होता."

बहिरूनं तोंडावरून हात फिरवला. मग पिशवी उचलून उठत, बापाकडं न बघता विचारलं, "उद्यापास्नं बांधायला घेऊ. दोर कुठून कुठं टाकायचा, मला दाखवशील?"

पुंजानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, तो पुरेसा उंच आहे का ते बघितलं आणि वजन दिलं.

"चल. जाता जाता सांगतो."

वळणापासून घर फार तर दोन फर्लांग. पण दोघांना पोचायला दिवेलागण झाली. कारण म्हातारा प्रत्येक घरापाशी थांबत होता, मान वर करून छप्पर बघत होता आणि आत वाकून विचारत होता, "तुमचं कुठून उचललं? आधी कुठला आवाज आला?" दोन वर्षांची छपरं बघायची राहिली होती. बहिरू पिशवीचा खांदा बदलून उभा राहायचा आणि उत्तर तोही ऐकायचा.